टेलरकाकूंच्या मागे कुणी नसतं

गावातल्या पायी मेळ्यात पहिला कोण आला, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिले येणारे दर वर्षी बदलतात आणि आल्या आल्या आपल्या बुटांच्या किमती सांगत बसतात. शेवटी कोण येतं, हे मात्र शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शेवटी टेलरकाकू येतात. हा मान त्यांनी स्वतः मागून घेतलेला आहे आणि आजवर त्याला कुणाला हात लावू दिलेला नाही. त्यांच्यासमोर कुणी 'शेवटचा नंबर' हे शब्द दात काढून उच्चारले, तर त्याच्या पुढच्या पँटची उंची अर्धा बोट कमी भरते म्हणतात. खरं-खोटं काकू जाणोत.

त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. खिडकीशी मशीन, मागे इस्त्रीचं टेबल, एका बरणीत बटणं, दुसऱ्या बरणीत कुणाची आहेत ते न कळणारी बटणं, आणि कोपऱ्यात मापासाठी पडदा. नवे कपडे त्या शिवतच नाहीत. उसवायचं, आत घ्यायचं, बाहेर सोडायचं, चेन बदलायची, एवढाच धंदा. नवं काय, कुणीही शिवतं, ते अंगात बसवायला मी लागते, असं त्यांचं म्हणणं. रेडिमेड कपड्यांवर त्यांचा भयंकर राग. शिलाईच्या आत जास्तीचं कापड नसलं की त्या तो शर्ट गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतात आणि विचारतात, माणूस काय जन्मभर असाच राहणार आहे का? अंग सुटतं, आटतं, पोटं येतात, जातात. आत बोटभर कापड सोडायला काय यांच्या बापाचं जातं? गिऱ्हाईक बिचारं शर्ट आपणच शिवल्यासारखं खाली मान घालतं.

मेळा भरतो थंडी सरता सरता. आसपासच्या डोंगरातून, शेतांच्या बांधांवरून, नदीच्या कडेनं चालायच्या फेऱ्या निघतात. दमदार लोकांसाठी कड्यावरची फेरी, मधल्यांसाठी नदीची, आणि तिसरी निवांत फेरी. निवांत फेरीत काठीवाले असतात, गुडघेवाले असतात, बाबागाडीवाले असतात, चाकांच्या खुर्चीतली लायब्ररीवाली ताई असते, दुखण्यातून नुकतेच उठलेले असतात, आणि ज्यांना चालण्यापेक्षा बोलायचंच जास्त असतं असेही असतात. तिचे वाटाडे म्हणजे काकूंचे धाकटे दीर, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. भाऊजी पुढे, वहिनी मागे, आणि मधे सगळं गाव. भाऊजींना भराभर चालायची खोड, त्यामुळे दर वर्षी निघताना काकू त्यांना सांगतात की भाऊजी, जमीन आता मोजून झालीय, सावकाश चाला.

ही फेरी नीट पार पडावी म्हणून एक रीत आहे. वाट जिथे फुटते तिथे वाटाड्या एकाला उभं करतो. त्याला म्हणायचं खांब. मागून येणाऱ्यांना बरोबर वाट दाखवायची आणि नारंगी जॅकेट दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे खांबाचं काम. नारंगी दिसलं की खांब सुटला. ते जॅकेट काकूंच्या अंगावर असतं, आणि काकूंच्या मागे कुणी नसतं. फेरी संपते त्या सभागृहाच्या दारात काकू पोचल्या की भाऊजी दारावरची घंटा वाजवतात. घंटा वाजल्याखेरीज चहा ओतायचा नाही, खुर्च्या उचलायच्या नाहीत, दार लावायचं नाही. हा नियम काकूंनी करून घेतलेला आहे, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

काकूंच्या नवऱ्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. काकू त्यांच्या पँटची एक बाजू दोन बोटं कमी शिवायच्या, अशा बेतानं की चारचौघांत ते लंगडणं नव्हे, झोकात चालणं वाटावं. गडी हौशी. पहिल्याच मेळ्यात त्यांनी नाव दिलं आणि चालले, अगदी पुरी फेरी चालले. पोचले तेव्हा सभागृहाला कुलूप होतं. दिवे बंद, खुर्च्या आत, दारात एक मांजर. घरी येऊन त्यांनी ती मांजराची गोष्ट हसत हसत सांगितली, मांजरानं आपलं कसं स्वागत केलं ते. पण पुन्हा नाव दिलं नाही. पुढच्या वर्षीच्या मेळ्याआधी काकूंनी छत्रीच्या दुकानातून नारंगी कापड आणलं, रात्रीत जॅकेट शिवलं, आणि मेळ्याच्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, यापुढे शेवटची मी येणार. मी आले नाही तोवर तुमचा मेळा संपला नाही. बैठकीतल्या कुणाचीही नाही म्हणायची छाती झाली नाही. पुढे नवरा वारला, जॅकेटचा रंग उन्हानं उतरला, पण काकूंच्या मागे कुणी राहिलं नाही. गाडी पाठवून कुणाला उचलून आणायचीही वेळ आली नाही. गावात कितीतरी मोठी माणसं झाली असतील, एवढं ताठ मानेनं मिरवावं असं फार थोड्यांकडे आहे.

या वर्षी निवांत फेरीत बेकरीवाल्यानं नाव दिलं. पोरगा तसा तरुण, पण देहानं भक्कम, आणि शस्त्रक्रिया होऊन हृदय कसंबसं ताळ्यावर आलेलं. डॉक्टर म्हणाले चालायचं, सावकाश. बायको म्हणाली चालायचं तर दुकानात, माझ्या डोळ्यांसमोर. शेवटी ती तणतणत काकूंच्या दुकानात आली. काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एक एक करून काढून त्यांनी गादीत खोचल्या आणि तिला शब्द दिला.

"तुझा नवरा माझ्या पुढे राहील. घंटा वाजायच्या आत दारात येईल, स्वतःच्या पायांनी. आणखी काय हवंय?"

बायकोला आणखी काही नको होतं.

फेरी निघाली ती छान निघाली. ऊन होतं, वारा मात्र झोंबणारा. बेकरीवाला चार पावलं टाकून थांबे, थांबला की समोरचा देखावा बघायचं नाटक करी. काकूही देखावा बघत. जिथे नुसतं कुंपण होतं तिथेही दोघांनी बराच वेळ देखावा बघितला. त्यांच्या थोडे पुढे हेडमास्तर होते. निवृत्त होऊन जमाना झालेला, अंगात एक पातळ सदरा. थंडी ही मनाची कल्पना असते, असं त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना शिकवलं होतं, आणि आता ती कल्पना त्यांच्या ओठांवर निळी होऊन बसली होती. दातांवर दात आपटत होते. काकूंनी ते पाहिलं आणि दुसरा विचार न करता अंगातलं जॅकेट काढून त्यांच्या अंगात चढवलं, वरपासून खालपर्यंत बटणं लावली. मास्तर नको नको म्हणाले, पण बटणं उघडली नाहीत.

इथे काकू चुकल्या. बाकी कुठल्या गावात ही चूक झालीच नसती, कारण बाकी कुठे एका जॅकेटवर एवढा भार टाकलेला नाही.

झालं असं, की ऊब मिळाल्यावर मास्तरांच्या अंगात जोर आला. शिवाय अंगावर अधिकाराचं कापड. छाती काढून ते असे निघाले की दिसेनासे झाले. झाडीतल्या फाट्यावर खांब होती औषधांच्या दुकानातली बाई. तिनं लांबून नारंगी पाहिलं, सुटले एकदाची म्हणाली, आणि मास्तरांबरोबर चालू लागली. त्यापुढचा खांबही तसाच सुटला. मागे बेकरीवाला दगडावर बसून श्वास जमवत होता आणि काकू त्याच्याशेजारी पावाला चीर कशी देतात ते विचारत होत्या, म्हणजे त्याला बोलण्यापुरता दम आला की कळेल.

दोघं फाट्यावर आली तर तिथे कुणी नाही.

काकूंनी हाक मारली. मग शिट्टीसाठी खिशात हात घातला, तर खिसाच नव्हता. शिट्टी, फोन, टेप, टाचण्या, छोटी कात्री, सगळं जॅकेटमध्ये आणि जॅकेट मास्तरांवर. बेकरीवाल्याचा फोन घरी होता. बायको सारखी फोन करील म्हणून तो मुद्दाम विसरून आला होता. आणि मग काकूंच्या ध्यानात आलं की आपल्याला वाट माहीत नाही. एवढी वर्षं त्या याच वाटेनं चालल्या होत्या, पण त्यांनी कधी वाट पाहिलीच नव्हती. त्यांनी पाहिले होते पाय. कुणाची टाच बाहेर घासते, कुणाचा गुडघा आज बोलतोय, कोण कुणाच्या खांद्याला धरतंय. या फाट्याची त्यांची ओळख म्हणजे औषधवालीचे जांभळे बूट, आणि ते बूट आज नव्हते.

त्यांनी डावीकडची वाट धरली, कारण ती रुंद होती. ती वाट दगडाच्या जुन्या खाणीपाशी जाऊन तारेच्या कुंपणाला टेकली. पुढे रस्ता नाही. बेकरीवाल्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. तो खाली बसला आणि काकू त्याच्या पाठीशी वारा अडवून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात घंटा वाजली.

खालून, उजव्या अंगानं, वाऱ्यावर स्पष्ट आली. ही घंटा काकूंनी आजवर फक्त डोक्यावर ऐकलेली, लांबून कधीच नाही. म्हणजे मास्तर दारात पोचले. भाऊजींनी नारंगी पाहिलं आणि घंटा वाजवली. आता टाळ्या पडत असतील, चहा ओतला जात असेल. थोड्या वेळानं खुर्च्या आत जातील. काकूंना ते कुलूप आठवलं, ते मांजर आठवलं. नवऱ्याला त्या संध्याकाळी काय वाटलं असेल ते आपल्याला माहीत आहे, असं त्यांना आजवर वाटत होतं. माहीत नव्हतं. ते आत्ता कळलं. माणूस हसून गोष्ट सांगतो, तेव्हा त्यानं किती गिळलेलं असतं. काकूंचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी संतापही झाला, भाऊजींचा, मास्तरांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

बेकरीवाल्यानं मान वर करून पाहिलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही जा पुढे. कुणाला तरी घेऊन या. मी बसतो इथे."

"मी पुढे गेले तर मागे कोण?"

"मी आहे ना. तसाही मीच असतो. शाळेत धावायच्या शर्यतीत मी, फुटबॉलमध्ये निवडताना मी. सवय आहे मला."

"तू कधीच शेवटचा नव्हतास," काकू म्हणाल्या. "तुझ्यानंतर मी होते. आणि आजही मीच असणार. दम आला की सांग, घाई नाही."

 तो बराच वेळ श्वास घेत राहिला, मग हात पुढे केला. काकूंनी ओढून त्याला उभं केलं. घंटा कुठल्या अंगानं वाजली ते आता ठाऊक होतं. आलो त्या वाटेनं फाट्यापर्यंत मागे जायचं आणि मघाशी सोडलेली उजवीकडची वाट धरायची. पण एवढ्या आवाजाच्या भरवशावर किती चालणार, असं काकू मनात म्हणत होत्या, तोच घंटा पुन्हा वाजली. आणि मग थांबेचना. एकसारखी, न दमता, आग लागल्यावर वाजवावी तशी वाजत राहिली.

खाली काय झालं होतं ते नंतर कळलं. टाळ्या झाल्यावर मास्तरांनी नाक पुसायला खिशात हात घातला, तर रुमालाऐवजी मापाची टेप निघाली. त्यांनी ती हातात धरून पाहिली आणि सभागृहभर ऐकू जाईल असं विचारलं, की टेलरबाई कुठे आहेत? भाऊजींचा चहा तसाच राहिला. ते धावत घंटेपाशी गेले, आणि मोजणी खात्यात कधी घाम न गाळलेला तो माणूस हात बदलून बदलून घंटा वाजवत राहिला. कुणीतरी गाडी काढायला धावलं. बाकीचे मात्र वाटेला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. काठ्या, गुडघे, बाबागाड्या, चाकांची खुर्ची, नुकतीच फेरी संपवून बुटांच्या नाड्या सोडून बसलेली निवांत फेरी अख्खीच्या अख्खी उलटी चालत निघाली.

काकू आणि बेकरीवाला फाट्यावर पोचले तेव्हा औषधवाली आपल्या जागी खांबासारखी उभी होती आणि रडत होती. जांभळे बूट चिखलानं माखलेले. तिच्यामागे सगळे. काकूंनी एका नजरेत सगळ्यांचे पाय पाहून घेतले, कुणाला लागलं तर नाही ना. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, हिची नाही. नारंगी दिसल्यावर हलायचं असं मीच शिकवलंय." औषधवालीनं नाक पुसलं आणि सांगितलं की खालच्या रस्त्यावर गाडी आलीय, बेकरीवाल्याला तेवढंच उतरायचंय, मग बसून जाता येईल.

 सगळे त्याच्याकडे बघू लागले, काकू सोडून. त्या झाडाकडे बघत होत्या. हे त्याचं त्यानं ठरवायचं होतं.

"गाडी परत पाठवा," बेकरीवाला म्हणाला. "मी चालत येणार. वेळ लागेल."

मास्तरांनी जॅकेटची बटणं सोडून ते दोन्ही हातांवर धरून काकूंपुढे केलं. एखादं बक्षीस द्यावं तसं. काकूंनी ते घेतलं, झटकलं, आणि बेकरीवाल्याच्या पाठीवर टाकलं. तो गोंधळला. म्हणाला, हे तुमचं आहे. काकू म्हणाल्या, हे शेवटी येणाऱ्याचं आहे, आणि आज तुझ्याइतकं सावकाश इथे कुणाला चालता येत नाही, मलासुद्धा नाही. हात घाल.

हात कसेबसे गेले, पण पुढचं बटण काही काजापर्यंत पोचेना. मधे पोट होतं. दोनचार जण हसले, तोही ओशाळून हसला आणि जॅकेट काढू लागला. काकूंनी त्याला दटावून उभं ठेवलं, जॅकेटच्या खिशातून कात्री काढली, आणि तिथेच त्या फाट्यावर, वाऱ्यात, त्याच्या काखेपासून कमरेपर्यंतची शिलाई उसवायला लागल्या. एक बाजू झाली, मग दुसरी. आतली घडी उघडली तसा दोन्ही कुशींना नारंगी रंगाचा पट्टा बाहेर आला, ऊन न पाहिलेला, पहिल्या दिवसासारखा. टाचण्यांनी त्यांनी तो जागच्या जागी बसवला. मग बटण लावलं. लागलं.

"पहिल्यापासूनच आत कापड सोडलंय मी," त्या म्हणाल्या. "मला काय ठाऊक नव्हतं, की हे कधीतरी दुसऱ्याच्या अंगात जायचंय?"

मग सगळे चालू लागले. बेकरीवाला मागे थांबला, शेवटचा माणूस पुढे जाईपर्यंत हात पाठीमागे बांधून उभा राहिला, अगदी काकू थांबतात तसा, आणि मग निघाला. काकूंना मागे वळून बघायचं नव्हतं. ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड चाल होती. मागच्या पावलांचा आवाज थांबला की त्यांचा जीव अर्धा होई. पण त्या वळल्या नाहीत. वळून पाहिलं असतं तर जॅकेट दिल्यासारखं झालं नसतं.

सभागृहाच्या दारात भाऊजी उभे होते, हात लाल झालेले. त्यांच्याशेजारी बेकरीवाल्याची बायको. माणसं येत गेली, आत गेली, पुन्हा बाहेर येऊन उभी राहिली. मग वळणावर काकू दिसल्या, जॅकेटशिवाय, एकट्या. बायकोचा चेहरा पांढरा पडला. पण भाऊजींना तेवढा दम कुठला, "वहिनी आल्या," असं म्हणून त्यांनी दोरीला हात घातला. काकूंनी येऊन त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, भाऊजी. अजून शेवटचा यायचाय."

"आणि हा?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज फुटत होता. "तुमच्या पुढे राहील म्हणाला होतात."

"तेवढा शब्द माझा मोडला," काकू म्हणाल्या. "बाकीचा बघ."

सगळे वाटेकडे बघत उभे राहिले. चहा निवला, कुणी हललं नाही. खुर्ची उचलायची कुणाला आठवण झाली नाही. मग वळणावर नारंगी दिसलं, मधे फिकं आणि दोन्ही कुशींना लख्ख. सावकाश, स्वतःच्या पायांनी, अधूनमधून थांबून देखावा बघत. दारापाशी आल्यावर त्यानं एकदा मागे पाहिलं, वाटेवर कुणी राहिलं नाही ना याची खात्री केली, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

काकूंनी भाऊजींचं मनगट सोडलं. घंटा वाजली, आणि टेलरकाकूंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाकीच्या लोकांत उभं राहून टाळ्या वाजवल्या.